डावा गाल

"त्वचा संवेदनशील आहे का?" दाढीचे सामान विकणाऱ्याने विचारले.

"अर्धी आहे," मी म्हणालो.

तो खो खो हसला. "साहेब, अर्धी मिशी पाहिली होती, अर्धी त्वचा आजच ऐकतोय!" मग त्याने सौम्य धारेचा रेझर, मऊ केसांचा ब्रश आणि बिनवासाचा साबण पुढे ठेवला. "पहिलीच वेळ ना? मग दाब देऊ नका, रेझर आपल्या वजनानेच चालतो. आणि दुखलं, की हात तिथल्या तिथे थांबवायचा."

ते शेवटचे वाक्य ऐकून मी पैसे मोजता मोजता थांबलो. दाढी माझी नव्हती, बाबांची होती. अर्धांगवायूच्या झटक्यात त्यांचा डावा गाल पार बधिर झाला होता, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू होत्या. तिथे पाते रुतले, तरी त्यांना कळणार नव्हते. मग मला कोण सांगणार?

सकाळी उजवा गाल कसाबसा निभावला. डाव्या गालाशी येताच मी रेझर पुन्हा एकदा धुतला. दार ठोठावावे आणि आतून कुणीच ओ देऊ नये, अशा घरासारखा तो गाल फेसाखाली निपचित होता. मी रेझर टेकवला आणि नेमका दाब जास्त पडला. पांढऱ्या फेसात तांबडा ठिपका उमटला, पसरू लागला. मी तुरटीसाठी चाचपडत होतो.

 

"गाढवा," बाबा कळवळून ओरडले, "दुखतंय ना मला!"