सगळ्यांत तोंडाळ पिल्लू

दीप्तीनं घरात वाढवलेल्या पाच पिल्लांपैकी चार घरोघरी गेली आणि उरलं ते सगळ्यांत तोंडाळ. संध्याकाळपर्यंत तेही गेलं नाही तर घरमालक त्याला देवरीच्या हायवेवर सोडणार होता. म्हणून जंगलाकडच्या गावातून लालसिंगकाका आले तेव्हा तिनं तारीफच तारीफ केली. “काका, पान हाललं तरी भुंकते हा! रातभर झोपत नाही!” “असाच पायजे,” काका खूश झाले. “शेळ्यांजवळ बांधतो. बिबट आला का पहिले भुंकणाऱ्यालेच उचलते, शेळ्या वाचतेत.” दीप्तीनं पिल्लू उचलून कडेवर घेतलं. “खोटं बोलली मी, काका! हा भुंकतच नाही जी!” तिच्या कडेवरून पिल्लू काकांवर जीव खाऊन भुंकलं. काका खोखो हसले आणि त्यांनी पिल्लू तिच्याकडून घेतलं. पिशवीत घालताना त्यांनी त्याच्या गळ्यातला, दीप्तीनं शिवलेला लाल पट्टा सोडून तिला परत दिला. “ठेव, पोरी. पुढच्या साली दुसरं नेईन, त्याले कामी येईल.”