गोदामाचा फोन

गोदामातला फोन काढून थोरल्याने कँटीनमध्ये लावला आणि कँटीनमधला गोदामात. आता होऊ दे चाचणी!

कारखान्याचे फोन इतकी वर्षं त्यानेच सांभाळले होते. कुणी पडलं, कुणाला लागलं, की फोन आधी त्याच्या बोर्डवर यायचा. नवी यंत्रणा आली आणि बोर्ड अडगळीत गेला. आता तातडीचा नंबर फिरवला की थेट रुग्णवाहिकेला कळणार, आणि फोन कुठून आला ते गेटवरच्या स्क्रीनवर उमटणार. हे बसवायला मालकांनी आणलं कुणाला? त्याच्याच धाकट्या भावाला! सकाळी धाकटा भिंतीतल्या सॉकेटवर बोट ठेवून काहीतरी समजावत होता आणि मालक न कळताच मान डोलावत होते. थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. ऐकतोय कोण?

चाचणी दुपारी कँटीनमधून व्हायची होती. सगळे गेटवर जमत होते, तोच स्क्रीन पेटली. गोदाम.

"घ्या, चुकली!" थोरल्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

तेवढ्यात गेटवरच्या स्पीकरमधून कण्हण्याचा आवाज आला आणि थांबला. ही चाचणी नव्हती.

रखवालदार स्ट्रेचर उचलून गोदामाकडे वळला. थोरला धावत त्याच्या आडवा गेला. आपल्या जळफळाटापायी कुणाचा जीव जायचा!

"तिकडे नको! कँटीनला चला!"

"अहो, स्क्रीनवर गोदाम आलंय," रखवालदार म्हणाला.

"स्क्रीनचं काय घेऊन बसलास? माझं ऐक."

मालकांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "हा म्हणतोय तर कँटीनलाच चला. शेवटी जुनं माणूसच कामी येतं."

धावता धावताही ते शब्द थोरल्याला गोड लागले. ऐकायला धाकटा इथे हवा होता.

कँटीन कारखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला. आत आचारी एकटाच भांडी पुसत होता.

"फोन? इथून कुणीच केला नाही."

"अरे, हाच तो फोन..."

"तुम्ही आणून लावलेला ना? तुमच्या भावाने बघितला मघाशी. हसला. म्हणाला, फोन कुठलाही लावा, स्क्रीनला सॉकेटवरूनच जागा कळते. वर मला बजावलं, दादाला बोलू नका, उगाच ओशाळेल." आचाऱ्याने फडकं झटकलं. "गोदामातली वायर तुमच्या हातून लोंबत राहिलीय म्हणे. ती बसवायला शिडी घेऊन गेलाय. एकटाच."