जादा तेल

उपासनेत पाळकसाहेबांनी दहा कुमारिकांचा दाखला सांगितला. रात्री नवरदेवाला सामोरं जाताना पाच शहाण्यांनी दिव्यांसाठी जादा तेल नेलं होतं. पाच मूर्ख त्यांच्याकडे मागायला आल्या, तेव्हा शहाण्या म्हणाल्या, "आम्हालाच पुरणार नाही." "तयार राहा," पाळकसाहेब म्हणाले. मी सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हटलं. घरी आले तर नळ येऊन गेलेला, माझं पिंप कोरडं. आता पाणी थेट गुरुवारी. घागर घेऊन शेजारच्या नरसम्माक्काच्या दारात उभी राहिले. तिच्याकडे माणसं सहा, पिंप एकच. काही न विचारता ती तांब्यानं माझी घागर भरू लागली. "तुम्हाला पुरेल का गं, अक्का?" "उद्याचं उद्या बघू की." घागर गळ्यापर्यंत आली तरी तिचा तांब्या थांबेना. यातली शहाणी कोण, मूर्ख कोण, मला काही कळेना. तेवढ्यात तिनं सहज विचारलं, "आज काय शिकवलं गं चर्चात?"