शंका शेवटी

शाळा सुटल्यावरच्या वाचनवर्गात लेखक स्वतःचीच गोष्ट वाचत होते, पण पोरं पहिलं पान उलटू देईनात. हत्ती घोरतो का? त्याची मावशी कुठे राहते? न्यायला आलेले आईबाबा दारात ताटकळले, तरी एकही पोर जागचं हलेना.

“शंका शेवटी!” लेखक खेकसले आणि एका दमात गोष्ट संपवून मोकळे झाले.

वर्गाच्या ताईंनी पंखा बंद करून दाराला लावायला कुलूप हातात घेतलं. सगळ्यांत धाकटी मुलगी दप्तर घेऊन बाहेर पायरीवर एकटीच जाऊन बसली.

बाबांबरोबर निघालेली एक मुलगी लेखकांवर उखडली, “संपवलीत ना काका? गोष्ट संपली की वर्ग बंद होतो. तिची आई अजून यायचीय!”

लेखक धाकटीशेजारी पायरीवर टेकले. “हत्तीच्या मावशीचं सांगायचं राहिलंच बघ.”