पाचच्या आत

मेडिकलचा प्रवेश घ्यायचा की सोडायचा, हे शेफालीला संध्याकाळी पाचच्या आत मोबाईलवरून कळवायचं होतं. सकाळपासून तिनं तो फॉर्म कितीदा उघडला आणि कितीदा बंद केला, याची गणती नव्हती. हिर्डोशीतल्या पोरीचा डॉक्टरकीला नंबर लागला म्हणून अख्खं गाव खूश होतं. हिला मात्र एकच धास्ती होती. लोक विश्वासानं जीव आपल्या हातात देणार, आणि आपलाच हात चुकला तर? रेंज शोधायच्या निमित्तानं ती अंगणात नुसत्या येरझाऱ्या घालत होती.

चारच्या सुमाराला वरच्या वाडीतली म्हातारी ठकुबाई काठी टेकत खाली उतरली आणि ओट्यावर बसली.

"तू डाक्टरीण झालीस म्हनं. चढ चढताना लई दम लागतोय गं, जरा बघ."

"आजी, मी कुठली डॉक्टर! अजून शिकायला गेलेबी न्हाई. उद्याच्या एसटीनं तुमाला भोरच्या दवाखान्यात नेते, चालंल?"

"चालंल की. पर तू कवा व्हनार डाक्टर?"

"साडेपाच वर्षांनी," शेफाली बोलून गेली, आणि आपल्याच उत्तरानं चपापली.

ठकुबाई काठीवर भार देऊन उठली.

 

"बरं, तवर मी काय मरत न्हाई. तू ये शिकून."