घराकडे तोंड करून

नेब्रास्कातल्या आमच्या मक्याच्या शेतात थोरला भाऊ ऑरविल आणि मी सकाळी सापळे बघायला निघालो. तीन पिंजऱ्यांत तीन रॅकून सापडले होते. एरवी दात विचकणारे हे प्राणी आज आमच्याकडे बघेचनात. तिघंही घराकडे टक लावून बसले होते.

"आजारी असतील," मी म्हणालो.

"तिघंही एकाच दिशेला बघून आजारी?"

आम्ही ओढ्याकडे वळलो.

ओढ्याकाठच्या सापळ्यात एका कायोटीचा, आमच्याकडच्या रानटी कोल्ह्याचा, पाय अडकला होता. आम्ही जवळ जाताच तो ऑरविलच्या बुटाला चिकटून थरथरू लागला. गोंधळलेल्या ऑरविलने सापळा उघडला. कायोटी पळाला नाही, घराकडे बघत आमच्या पाठीमागे लपला.

तेवढ्यात वहिनी दारात आली आणि नेहमीसारखी न्याहारीला हाका मारू लागली.

ऑरविलने पाठीमागच्या कायोटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तू हो पुढे," तो मला म्हणाला.