खळ्यातलं गाऱ्हाणं

पालखी घरापुढच्या खळ्यात टेकली. ढोल थांबला. राजश्रीने देवीची ओटी भरली आणि सातव्या महिन्याचं पोट सांभाळत ती उठली.

तिचा नवरा सूरज पालखीची दांडी धरून उभा होता, गुलालाने माखलेला. शिमग्याला मुंबईहून आला तो चार दिवस नुसता पालखीमागे पळत होता. उद्या रात्रीच्या गाडीने परत. बायकोजवळ पाच मिनिटं बसला असेल तर शपथ!

बसला असता तर तिने पुन्हा तेच काढलं असतं. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने रक्त तपासून सांगितलं होतं, "सिफिलिस आहे. तीन इंजेक्शनं घे, बाळ वाचेल. पण नवऱ्याने उपचार घेतले नाहीत तर त्याच्याकडून तुला परत होईल, आणि तुझ्याकडून बाळाला." तीन आठवडे ती एकटीच एसटीने गेली आणि दुखरी कंबर घेऊन एकटीच परत आली. घरात सांगितलं, रक्त कमी आहे. सासू बिचारी रोज नाचणीचं सत्त्व करून द्यायची, आणि ते पिताना राजश्रीला रडू फुटायचं. सांगणार कुणाला? ज्याला फोनवर सांगितलं तो नवरा म्हणाला, "मला काय धाड भरलीय? तुझं तू बघ."

दादू मानकऱ्याने गाऱ्हाण्याचा नारळ हातात घेतला. "काय मागायचं, सोनूबाय?"

"सुनेची सुखरूप सुटका होऊ दे," सासू म्हणाली. "पोर धडधाकट होऊ दे."

"आणि काय?"

"माझं आहे," राजश्री म्हणाली. सगळं खळं तिच्याकडे बघायला लागलं. "ह्यांना रक्त तपासून घेऊ दे. उद्याच. मुंबईला जायच्या आधी."

"अगो, हे कसलं मागणं?"

"पोरासाठीच मागतेय, आई."

दादू जरा घोटाळला. पण देवीपुढे मागितलेलं गाळणार कसं? त्याने नारळ वर धरला.

"आई माऊली, ह्या घरच्या सुनेची सुखरूप सुटका कर!"

"व्हय महाराजा!"

"पोर धडधाकट दे!"

"व्हय महाराजा!"

"आणि सूरजच्या रक्ताची तपासणी उद्याच्या उद्या होऊ दे!"

"व्हय महाराजा!" अख्खी वाडी गरजली.

दादूने नारळ खाली घेतला नाही.

"सूरज," तो म्हणाला, "तुझा आवाज नाय आला."